उपडी पत्रावळ

पूर्वी चंपकपुरात राजा सुनंद राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या गुरुकुलात उपाध्याय होते. मुख्य आचार्यांचे नाव उग्रतेज. त्यांची एक रीत होती. ज्याने नियम मोडला, त्याची पत्रावळ पंगतीत उपडी मांडायची. त्याने तिच्यासमोर बसून दुसऱ्यांचे जेवण बघायचे.

एकदा पाठ विसरलेल्या कपिलाला आचार्यांनी भर उन्हात उभे केले. थोड्या वेळाने तो चक्कर येऊन कोसळला. सगळे विद्यार्थी खाली मान घालून घोकत राहिले. मंदार तेवढा न विचारता उठला आणि त्याने कपिलाला पाणी पाजले.

दुपारी मंदारची पत्रावळ उपडी होती. उद्या त्याने गुरुकुल सोडावे, असेही फर्मान निघाले. म्हणजे बघा, तहानलेल्याला पाणी दिले म्हणून उपाशी ठेवायचे आणि वर घरी घालवायचे. याला विद्या कशी म्हणावी?

बोधिसत्त्व पंगतीला आले तेव्हा आचार्य कौतुकाने म्हणाले, "मुलगा पडला, तरी बाकी एकही मान वळली नाही. ही शिस्त, उपाध्याय."

"त्याचाच मला संताप आला आहे, आचार्य. आपण मुलांना इतके भ्यायला शिकवले, की शेजारी पडलेलाही त्यांना दिसेना."

"मग नियम मोडणाऱ्याला लाडू भरवू?"

बोधिसत्त्वांनी शांतपणे स्वतःची पत्रावळ उपडी केली. "मी तिथे असतो तर मीही उठलो असतो."

स्वयंपाकीण रेवामाय भाताचे पातेले घेऊन उभीच राहिली. "अहो, पालथ्या पानावर भात ओतू की काय?"

मग अशक्त कपिलाने आपले पान उलटले. त्याच्या शेजाऱ्याने उलटले. पानांची सळसळ पंगतभर गेली. एकट्या आचार्यांचे पान सुलटे राहिले.

रेवामायने त्यांना वाढले. "तुम्ही जेवा हो पोटभर. आज भात पुष्कळ उरलाय."

आचार्यांचा हात घासाकडे जाईना. शेवटी ते उठले, मंदारची पत्रावळ सुलटी केली आणि स्वतः भात वाढला.

"उद्या पाठाला वेळेवर ये," एवढेच म्हणाले.

भिक्षूंना ही कथा सांगून तथागत बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा मंदार म्हणजे आजाऱ्यांची सेवा करणारा हा सोमदत्त. आचार्य उग्रतेज म्हणजे, नव्याने दीक्षा घेतलेले लहान श्रामणेर जेवल्याशिवाय जो घास घेत नाही, तो आपला वज्रसेन. आणि तो उपाध्याय मीच होतो."

हीच मैत्री पारमिता, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता. ती शिस्तीहून थोर आहे.