जतनीचा हात

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा सातपुड्यात गाडीरस्ता नव्हता. डोंगरावरच्या पाड्यांना मीठ हवं असेल तर ते माणसाच्या डोक्यावरूनच वर चढायचं. असं मीठ वाहणाऱ्या दोघीजणी उंबरबारी नावाच्या पाड्यात राहत होत्या. एक जतनी, दुसरी रेवली. उंबरबारीत नाव जतनीचं घेतात, पण गोष्ट सांगतात ती रेवलीच्या बाजूनं. कारण जे घडलं ते तिच्या डोळ्यांदेखत घडलं, आणि त्यानंतर कितीतरी दिवस तिच्या तोंडून शब्द फुटला नाही, असं म्हणतात.

दोघी एकाच माहेरच्या. एकाच साली लग्न होऊन उंबरबारीत आल्या. बाजाराच्या दिवशी पहाटे उतरायच्या आणि उन्हं कलताना टोपल्या भरून वर यायच्या. एकीच्या पायात काटा गेला की दुसरी टोपली उतरवून बसायची. एक भाकरी दोघींत मोडायच्या. लोक त्यांना नावानं हाकच मारत नसत. ‘जोडी आली’ म्हणत.

मग जतनीचा नवरा पान लागून, सापाच्या विषानं गेला. पदरी मूलबाळ नव्हतं. ती बाजाराला जायची, यायची, पण वाटेनं मुकी चालायची. रेवली बडबडत राहायची आणि जतनी नुसती पावलं टाकत राहायची.

बाजारगावाच्या वेशीशी ख्रिस्ती मंडळींचं एक लहानसं कौलारू चर्च होतं. एके दिवशी ऊन फार होतं म्हणून जतनीनं टोपली त्याच्या ओट्यावर टेकवली. आत एक म्हातारे पाळक चारदोन माणसांना सांगत होते, की देवाचा पुत्र माणसांचा जोडीदार व्हायला खाली आला, आणि त्यांच्यावरचं सगळं त्यानं आपल्या अंगावर घेतलं. जीवही दिला.

“काय म्हणाला तो? जोडीदार?” जतनीनं विचारलं. नवरा गेल्यापासून वाटेत काढलेला तिचा तो पहिलाच शब्द.

“चल गं, ऊन चढतंय,” रेवली म्हणाली.

जतनी त्या दिवशी उठली, पण पुढच्या बाजारी पुन्हा तिथंच बसली. त्याच्या पुढच्याही. पावसाळा सरल्यावर तिनं खालच्या नदीत बाप्तिस्मा घेतला. ओल्या लुगड्यानं ती पाड्यात आली तेव्हा हसत होती.

पाडा मात्र हादरला. आपले डोंगर, आपले देव सोडून ही बाई पाण्यात उतरून कुणाची होऊन आली? पाड्याचे कारभारी हुरजीबाबा. त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की जतनीच्या घरचं पाणी कुणी प्यायचं नाही आणि तिच्या चुलीतला विस्तव कुणी न्यायचा नाही. तिला उंबरठ्याच्या आतही घ्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी जतनी रेवलीच्या दाराशी आली. “रेवले, बाजाराला येतेस ना?”

रेवली दाराच्या आतच उभी होती. तिनं कडी काढली नाही. “जा बाई,” ती आतून म्हणाली. “माझ्या घरात पोरं आहेत.”

बाहेर पावलं वाजली आणि लांब गेली.

त्यानंतर जतनी एकटीच उतरायची आणि एकटीच चढायची. पण वर आली की प्रत्येक दाराशी पानावर मूठभर मीठ ठेवायची. बोलायचं तिच्याशी कुणीच नाही, मीठ मात्र सगळे उचलायचे. रेवलीसुद्धा. ते मीठ घातलेल्या कालवणाचा घास तिला उतरायचा नाही, असं म्हणतात. तरी कडी तिनं काढली नाही.

अशी काही वर्षं गेली. मग एका उन्हाळ्यात झरा आटला, डबक्यातलं पाणी प्यायची वेळ आली आणि पाड्यात हगवण शिरली. आधी एक लेकरू गेलं, मग दुसरं. सकाळी खेळणारं पोर दुसऱ्या दिवशी मातीत जायचं. आया रडायच्याही थांबल्या. भीती एवढी दाट झाली होती, की पाड्यात कुत्रं भुंकलं तरी माणसं दचकायची.

तशात हुरजीबाबांचा नातू आजारी पडला. सुनेचं, सुरकीचं, ते एकुलतं एक पोर. हुरजीबाबांनी खेमा भगताला बोलावलं. हा खेमा म्हणजे पाड्याचा औषधपाणी करणारा, देवाचं बघणारा. त्यानं सुपात ज्वारीचे दाणे पसरले, बराच वेळ बघितलं आणि मान खाली घालून म्हणाला, “कुणीतरी बाई खातेय पोरांना. डाकीण आहे पाड्यात.”

“कोण?” हुरजीबाबांनी विचारलं.

“पोराला शेवटचं खायला-प्यायला कुणी घातलं?”

सुरकीनं आठवून बघितलं. आदल्या दिवशी पोर रेवलीच्या मांडीवर होतं. रेवलीनं त्याला ताक पाजलं होतं.

एवढंच. एवढ्यावर रेवली डाकीण ठरली.

सकाळी तिला मोहाच्या झाडाखाली आणलं तेव्हा तिला वाटत होतं, की आता कुणीतरी हसेल आणि म्हणेल, अगं, उगीच घाबरवलं तुला. पण तिथं तीन दगडांवर मडकं ठेवलेलं होतं. खाली जाळ होता. मडक्यात मोहाचं तेल उकळत होतं, आणि हुरजीबाबांनी तिच्यासमोर त्यात लोखंडाचं कडं टाकलं. तेलात हात घालून ते काढायचं. हात भाजला तर ती डाकीण, आणि डाकिणीला त्याच झाडाला उलटं टांगायचं, जीव जाईपर्यंत. हात भाजला नाही तर सोडायचं. फांदीवरून दोर आधीच टाकलेला होता.

रेवलीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. सासूकडे पाहिलं. सासूनं तोंडावर पदर घेतला. ज्यांच्या बाळंतपणात ती रात्र-रात्र बसली होती त्या बायका मागे सरकल्या. आपण ओरडतोय असं तिला वाटत होतं, पण तोंडातून आवाजच निघत नव्हता.

तेव्हा खालच्या वाटेनं जतनी चढून आली. डोक्यावर टोपली. तिनं जाळ पाहिला, दोर पाहिला, मग रेवलीला पाहिलं. टोपली शांतपणे खाली ठेवली आणि चुंबळ सोडून बाजूला टाकली.

“कारभारीबाबा,” ती म्हणाली, “हिच्यावर जो दोष ठेवलाय तो माझ्यावर ठेवा. हिच्या जागी मी.”

“तुला कुणी बोलावलं?” हुरजीबाबा गरजले. “तू हिची कोण?”

“जोडीदारीण.”

रेवलीला आपल्या कानांवर विश्वास बसेना. जिला आपण दारातून हाकललं, ती? तिनं मान हलवली. नको, असं तिला म्हणायचं होतं.

खेमा भगत पुढे आला. “नाव रेवलीचं निघालंय. तुझा काय संबंध?”

जतनीनं डोळे मिटले, ओठ हलले, आणि कुणाला काही कळायच्या आत उजवा हात कोपरापर्यंत उकळत्या तेलात घातला.

बायका किंचाळल्या. पण त्या किंचाळीतही सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट होती: हिचा तो देव आता काहीतरी करणार. कितीतरी जणांनी नंतर कबूल केलं, की हात गोरागोमटा, कोरडा बाहेर येईल अशीच त्यांची खात्री झाली होती.

हात बाहेर आला. भाजला होता. असा भाजला होता, की पुढची माणसं तोंड फिरवून मागे पळाली. जतनीनं कडं दगडावर ठेवलं आणि ती गुडघ्यांवर बसली. झाडावरचे पक्षी उडून गेले होते.

“भाजला,” हुरजीबाबा पुटपुटले. त्यांचाही चेहरा उतरला होता. “तुझ्या देवानं नाही वाचवला.”

“भाजणारच होता,” जतनी म्हणाली. तिचे दात वाजत होते, पण शब्द सगळ्यांना स्वच्छ ऐकू आले. “तेल कुणाचाच हात ओळखत नाही, बाबा. तुमचा घालून बघा. खेमादादा, तुमचा घाला. ज्याचा भाजणार नाही त्यानं मला टांगावं.”

माणसं आपापल्या हातांकडे बघत राहिली.

आणि मग सगळ्यांत मोठा धक्का बसला. खेमा भगताच्या घशातून कसलासा आवाज आला. जनावराच्या आवाजासारखा. पाड्यानं त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं.

“तेल जर कुणाचाच हात ओळखत नसेल,” तो म्हणाला, “तर मग माझ्या आईनं...”

पुढचं त्याला बोलवेना. पण म्हाताऱ्यांना आठवलं. खेमा लहान असताना याच झाडाखाली त्याच्या आईचा हात असाच भाजला होता. तो समोर उभा होता. आई खरंच डाकीण होती असं मानल्याशिवाय त्याला जगताच आलं नव्हतं, आणि तेच मानून तो भगत झाला होता.

खेमानं हातातली काठी मडक्यावर घातली. मडकं फुटलं, तेल जाळात सांडलं आणि ज्वाळा मोहाच्या शेंड्याएवढी उठली, असं म्हणतात. फांदीवरचा दोर क्षणात जळून गेला, आणि झाडाचं एक पानसुद्धा करपलं नाही. लोक पळाले. खेमाही पळाला, पण रानाकडे. परत आला तो कुठलासा पाला घेऊन. तो पाला त्यानं स्वतःच्या दातांनी चावून बारीक केला आणि जतनीच्या हाताला बांधला. बांधताना तो एकच शब्द म्हणत होता. “आई. आई.”

रेवली हे सगळं बघत होती. तिला धरून ठेवणारे हात कधी सुटले हे तिला कळलं नाही. ती रांगत जतनीपाशी गेली आणि तिनं जतनीचं डोकं मांडीवर घेतलं.

संध्याकाळी तिनं जतनीला आपल्या घरी नेलं. कुणाला विचारलं नाही. नवरा दारात उभा होता, तो बाजूला झाला. कारभाऱ्यांनी घातलेला उंबरठ्याचा नियम त्या दिवशी मोडला. तो कुणी परत घातला नाही.

आता ऐकणाऱ्यांना वाटेल, की हुरजीबाबांचा नातू बरा झाला असेल. नाही झाला. दोन दिवसांनी तो गेला. आणि उंबरबारीचे जाणते म्हणतात, की खरा चमत्कार झाला तो तेव्हाच. कारण पोर गेलं त्या सकाळी सगळा पाडा श्वास रोखून हुरजीबाबांकडे बघत होता. आता ते कुणाचं नाव घेणार? हुरजीबाबांनी वर पाहिलं. बांधलेल्या हातानं जतनी सुरकीला कवटाळून बसली होती. म्हातारा उठला. मग म्हणाला, “झरा खोल करू या. पोरांना वाहतं पाणी पाहिजे.” आणि स्वतः कुदळ घेऊन निघाला.

रेवलीची वाचा परत आली ती पुढच्या पावसात. तिचा पहिला प्रश्न हाच होता.

“मी तुला दारातून परत पाठवलं होतं. मग तू असं का केलंस गं?”

जतनी डाव्या हातानं मीठ चाळत होती. “माझ्यासाठी कुणीतरी आधीच केलंय, रेवले. तेव्हा मीही त्याला दारातून परतच पाठवत होते. त्यानं माझी कडी निघायची वाट नाही बघितली.”

“तो तुझा जोडीदार?”

“माझा. तुझाही. तुला हवा असेल तर.”

रेवली कधी बाजारगावच्या पाळकांकडे गेली हे कुणी नक्की सांगत नाही. पण पुढं दोघी पुन्हा बरोबर उतरायला लागल्या, आणि चर्चच्या ओट्यावर आता दोन टोपल्या असायच्या. तारण म्हणजे काय, देव माणसाला वाचवतो म्हणजे काय, असं एकदा पाळकांनी विचारलं, तेव्हा मंडळीतले शिकलेले लोक शब्द शोधत बसले. रेवली नुसती रडायला लागली. पाळकांनी तिला पुढं काही विचारलं नाही, असं म्हणतात.

जतनीची बोटं कायमची एकमेकांना चिकटली. तो हात पुन्हा कधी मिटला नाही, उघडाच राहिला. त्या हातानं दिलेलं मीठ भर आषाढातही ओलं व्हायचं नाही. लांबलांबच्या पाड्यांवरून बाया ते मीठ न्यायला यायच्या. ती गेली तेव्हा तिची शवपेटी उचलायला पहिला खांदा खेमानं दिला, दुसरा हुरजीबाबांनी. दोघे आपापल्या देवांचीच माणसं राहिली, पण त्या दिवशी त्यांनी तिच्या मागनं तिची प्रार्थना म्हटली.

आता उंबरबारीत रस्ता आहे, शाळा आहे, नळ आहे. चर्चही आहे, लहानसं. पण अजूनही पाड्यात कुणावर आळ आला आणि पंच बसले, की आधी कुणी काही बोलत नाही. ज्याच्यावर आळ आहे तो मधे बसतो आणि आपला हात पालथा जमिनीवर ठेवतो. मग गर्दीतलं कुणीतरी उठतं, त्याच्या शेजारी जाऊन बसतं आणि आपला उघडा हात त्याच्या हातावर ठेवून म्हणतं, “हिच्या जागी मी,” नाहीतर “ह्याच्या जागी मी.” ह्याला जतनीचा हात म्हणतात. हात ठेवला गेल्याशिवाय कारभारी चौकशीला तोंड उघडत नाही. आळ खोटाच असायला हवा असं नाही. खऱ्या चोराच्याही शेजारी कुणीतरी बसतंच.

बाहेरून नवीन लग्न होऊन आलेल्या मुली हे पहिल्यांदा बघतात आणि चक्रावतात. परवाच एकीनं सासूला विचारलं, “आणि कुणी उठलंच नाही तर?”

सासूला तो प्रश्नच कळला नाही.