चौथा कागद

ज्या गावाला नदी होती पण पूल नव्हता, अशा एका गावात एक मिस्त्री राहत होता. शहरातल्या कारखान्यात त्याने तीस वर्षं काढली होती. कारखाना बंद पडला तेव्हा तिथलं एक जुनं मिलिंग मशीन त्याने घेतलं, सुटं केलं, होडीच्या चार फेऱ्या करून नदीपार आणलं आणि घराच्या पडवीत उभं केलं. वर गरगर फिरणारं कटर, खाली सरकणारं टेबल. टेबलावर लोखंड धरून ठेवायचं आणि कटरने कोरायचं. असं मशीन पंचक्रोशीत दुसरं नव्हतं. मिस्त्रीला ते ठाऊक होतं, म्हणून तो मान जरा वर करूनच चालायचा.

सपाट लोखंड धरणं सोपं असतं. शिकंज्यात घातलं, आवळलं, झालं. गोल दांडा मात्र कोणाच्या धाकात राहत नाही. सपाट जबड्यांत कितीही आवळा, कटर टेकलं की तो कूस बदलतो. त्यासाठी मिस्त्रीकडे दोन लोखंडी ठोकळे होते. प्रत्येकाच्या माथ्यावर ओंजळीसारखी तिरपी खाच. त्या दोन ओंजळींत दांडा निजवायचा आणि वरून पट्ट्या टाकून बोल्ट आवळायचे.

एवढ्यावर मिस्त्रीचं समाधान होत नसे. वस्तादाने शिकवलेली एक रीत तो पाळायचा. दांडा ठेवण्याआधी प्रत्येक ओंजळीच्या दोन्ही बाजूंना जुन्या कॅलेंडरच्या कागदाचा एकेक चिटोरा ठेवायचा. एकूण चार. बोल्ट आवळून झाले की चारही चिटोरे ओढून बघायचे. कागद फाटून हातात आला, तर दांडा तिथे नीट टेकला आहे. कागद अख्खा निघाला, तर दांडा तिथे अधांतरी आहे. मग सगळं सोडायचं, पुसायचं आणि पुन्हा पहिल्यापासून बसवायचं. वस्ताद म्हणायचा, "माणूस खोटं बोलेल, कागद बोलणार नाही."

एके दिवशी गावच्या इंजिनाच्या होडीचा दांडा तुटला. इंजिनाची ताकद पाण्यातल्या पंख्याला पोचवणारा हाच तो दांडा. नशीब, होडी काठाला लागत होती तेव्हाच तुटला. धरणातून पाणी सोडलेलं होतं आणि गावाच्या खालच्या अंगाला बंधारा होता. बंधाऱ्यावरून पाणी ज्या आवाजाने खाली पडत होतं, तो आवाज ऐकून गुरंसुद्धा तिकडे पाण्यावर जात नसत. मधल्या धारेत दांडा तुटला असता तर होडी थेट तिथे गेली असती.

होडी बंद पडली आणि गाव अडकलं. दुधाच्या किटल्या काठावर नासल्या. शाळेचे मास्तर पलीकडेच राहिले. तिसऱ्या दिवशी नवा दांडा घडून झाला. आता त्यात फक्त चावीची खाच पाडायची बाकी होती. चावी म्हणजे बोटभर लांब चौकोनी तुकडा. पंखा आणि दांडा यांना एकमेकांशी जखडून ठेवतो तो. मिस्त्रीने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "चारच्या आत दांडा देतो."

तीन वाजून गेले. नावाडी पडवीच्या पायरीवर येऊन बसला होता आणि अंगणात दहा-बाराजण उभे होते. मिस्त्री टेबल पुसत होता, कागद कापत होता. नावाडी म्हणाला, "मिस्त्री, दांडा बसवताय की नवरदेव पाटावर बसवताय?"

अंगण हसलं. मिस्त्रीचे कान तापले. हसू त्याला कधीच सोसत नसे.

त्याने बोल्ट आवळले आणि कागद ओढले. पहिला फाटला, दुसरा फाटला, तिसराही फाटला. चौथा मात्र अलगद निघून आला. अख्खा.

ठोकळ्याखाली कुठेतरी लोखंडाचा कीस अडकला असणार. सोडून, पुसून पुन्हा बसवायला अर्धा तास गेला असता. चार वाजून गेले असते. मिस्त्रीने अंगणाकडे पाहिलं. कोणाचं लक्ष नव्हतं, आणि असतं तरी चौथ्या कागदाचा अर्थ तिथे कोणाला कळणार होता? त्याने तो कागद टेबलाखालच्या किसात टाकला, पान्याला पाईप अडकवला आणि सगळा जोर लावून बोल्ट आणखी आवळले.

खाच जवळजवळ पुरी होत आली तेव्हा 'टक्' असा बारीक आवाज झाला. मिस्त्रीने मशीन थांबवलं. खाचेतून बोट फिरवलं. शेवटच्या दोन अंगुळांत खाच केसभर वाकडी झाली होती. दांड्याने कूस बदलली होती.

त्याने कानस घेतली, चावी एका बाजूने घासली आणि खाचेत बसवली. बसली. चारला पाच कमी असताना त्याने दांडा नावाड्याच्या हातात दिला. नावाडी म्हणाला, "मान गये, मिस्त्री." लोकांनीही माना डोलावल्या. मिस्त्रीने मान डोलावली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मिस्त्रीचे कान नदीकडे लागले. सकाळी होडीचं इंजिन सुरू झालं की त्याचा हात कामावर थांबायचा. आवाज हळूहळू लांब जायचा. मधल्या धारेत इंजिनाचा सूर जड व्हायचा, तेव्हा मिस्त्री श्वास धरायचा. पलीकडच्या काठाला सूर बंद झाला की सोडायचा. मग परतीची फेरी. दिवसात आठ फेऱ्या, म्हणजे सोळा वेळा नदी ओलांडायची. जेवताना इंजिन वाजलं तर घास तोंडातच राहायचा. तो स्वतःशी म्हणायचा, चालतंय ना, मग चालेल. पण चालतंय हे त्याला कानांनी कळत होतं, आणि बोटाला लागलेली ती केसभर वाकडी कड बोट विसरत नव्हतं.

मशीनखालचा कीस बायको झाडायची. वर्षानुवर्षं झाडत होती. किसात कागदाचे फाटके चिटोरे असायचेच. दांड्याच्या कामानंतर झाडताना तीन फाटके निघाले आणि एक अख्खा. ती तो घेऊन नवऱ्यासमोर आली.

"अहो, हा अख्खा कसा?"

"पडला असेल कापताना," मिस्त्री म्हणाला. "बायकांनी मशीनमध्ये लक्ष घालू नये."

कागदाची घडी करून तिने पदराच्या गाठीला बांधली.

होडी सुरू झाल्यापासून चौथ्या दिवशी पलीकडच्या गावात तिच्या धाकट्या बहिणीच्या मुलाचं बारसं होतं. बहिणीला बारा वर्षांनी मूल झालं होतं. बायकोने महिनाभर खपून कुंची शिवली होती. सकाळी ती नवं लुगडं नेसून, पिशवीत कुंची घालून तयार झाली. मिस्त्री म्हणाला, आज जाऊ नकोस, पाण्याला ओढ आहे. ती म्हणाली, ओढ तर आधीपासूनच आहे, तरी सगळं गाव ये-जा करतंय. तो म्हणाला, ऊन लागेल. ती म्हणाली, डोक्यावर पदर घेईन. त्याला तिसरं कारण सुचेना.

ती उंबऱ्यात थांबली. "दांडा चांगला आहे ना?"

मिस्त्रीने मशीनकडे पाहिलं. "आहे."

"तुम्ही म्हणता तर असेल," ती म्हणाली आणि गेली.

मिस्त्रीने एक काम हातात घेतलं. खाली ठेवलं. पुन्हा घेतलं. कानस कुठे ठेवली ते आठवेना, आणि ती हातातच होती. तेवढ्यात नदीवर इंजिन खोकलं, एकदा, दोनदा, आणि सुरू झालं.

मग मात्र मिस्त्री अनवाणी धावत सुटला. वाटेत काटे होते, ते त्याला नंतर संध्याकाळी दिसले. तो उतारावर पोचला तेव्हा नावाड्याने दोर सोडला होता आणि होडी हातभर सरकली होती. मिस्त्री गुडघाभर पाण्यात शिरला आणि त्याने दोराचं टोक पकडलं. त्याचा पाय चिखलात घसरला, पण दोर त्याने सोडला नाही.

"होडी नेऊ नकोस," तो म्हणाला. "दांड्यात खोट आहे."

नावाड्याला वाटलं मिस्त्री थट्टा करतोय. तो म्हणाला, तीन दिवस होडी लोण्यासारखी चालली आहे, आणि आज अमावस्या आहे की काय? होडीतले लोक हसले. मिस्त्रीची बायको हसली नाही. ती नवऱ्याकडे बघत होती.

"माझा चौथा कागद अख्खा निघाला होता," मिस्त्री म्हणाला. "मला माहीत होतं. तरी मी दांडा दिला."

ते कोणालाच कळलं नाही. तिला कळलं. ती उठली, पिशवी छातीशी धरली आणि सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरली. ती उतरली म्हणून बाकीचे उतरले.

नावाड्याने होडी काठावर ओढायला लावली आणि पंखा खोलला. चावी बाहेर काढली. एका बाजूने ती चावलेल्या उसासारखी झाली होती. अर्धीच उरली होती. नावाड्याने ती तळहातावर घेतली, बंधाऱ्याकडे एकदा पाहिलं आणि चावी सगळ्यांसमोर धरली.

बोलली ती एक म्हातारी. पलीकडच्या दवाखान्यात रोज डोळ्यांत औषध घालून घ्यायला जाणारी.

"मिस्त्री," ती म्हणाली, "तीन दिवस मी बसत होते रे या होडीत. तेव्हा तुला धावता आलं नाही?"

आयुष्यात पहिल्यांदा मिस्त्रीची मान खाली गेली, आणि ती वर करायची त्याला घाई वाटली नाही.

घरी त्याच्याकडे एक चांगला दांडा होता. आपल्या मशीनसाठी त्याने तो कारखान्यापासून जपून ठेवला होता, तेल लावून, फडक्यात गुंडाळून. तो त्याने काढला. दोन दिवस खपून होडीच्या मापाचा केला. बारसं झालं. बाळाचं नाव ठेवलं गेलं, आणि मिस्त्रीची बायको या काठाला राहिली. तिने कुंची घडी करून फडताळात ठेवून दिली. मिस्त्रीला ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

खाच पाडायची वेळ आली तेव्हा पुन्हा लोक अंगणात जमले. मिस्त्रीने ठोकळे उचलले. एका ठोकळ्याच्या बुडाला नखाएवढा कीस चिकटला होता. तो त्याने सगळ्यांना दाखवला. मग टेबल पुसलं, ठोकळे पुसले, ओंजळी पुसल्या, कागद ठेवले, दांडा निजवला आणि बोल्ट आवळले. पाईप लावला नाही. लागलाच नाही. चार वाजले, साडेचार वाजले. नावाडी पायरीवरच होता, पण पाटाचा विषय त्याने काढला नाही.

मिस्त्रीने म्हातारीला पुढे बोलावलं. "मावशी, तुम्ही ओढा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कागद फाटला की कळेल."

तिने एकेक कागद ओढला. पहिला फाटला. दुसरा फाटला. तिसरा फाटला. चौथ्याला हात घालताना अंगणात कोणी हललं नाही. म्हातारीने ओढला. हलेना. तिने जोर केला, तेव्हा अर्धा तुकडा तिच्या हातात आला आणि अर्धा दांड्याखाली राहिला.

"आता बसू होडीत?" तिने विचारलं.

"आता बसा."

दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीला म्हातारी बसली, मिस्त्रीची बायको कुंची घेऊन बसली, आणि मिस्त्रीही बसला. जाण्याआधी बायकोने पदराची गाठ सोडली आणि तो अख्खा कागद कणकेच्या खळीने मशीनच्या वर, भिंतीला चिकटवला. तो अजून तिथे आहे. त्यानंतर मिस्त्रीने कोणाला वेळ सांगितली नाही. काम घेऊन आलेल्याला तो एवढंच म्हणायचा, "थांब, आणि कागद तू ओढ."

तात्पर्य एवढंच: होडीत आपलं माणूस बसलं की जी भीती वाटते, ती दुसऱ्याचं माणूस बसतानाही वाटली पाहिजे. ज्याला ती वाटते, त्याच्या हातच्या कामात खोट राहत नाही.