पुढची ओळ

वसईकडच्या एका गावात रेमेदीन नावाची बाई राहत होती. तिचा नवरा पास्कोल लग्नांच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचा, दारू प्यायचा आणि चर्चमध्ये क्वचितच दिसायचा. तो वारला, तरी ती रोज सकाळी दोन कप चहा गाळायची आणि दुसरा कप निवेपर्यंत त्याच्याकडे बघत बसायची.

मृतांच्या सणाला प्रार्थनेसाठी नावं लिहून घ्यायचं काम दुमिंग मास्तरांकडे होतं. त्यांना बायबल तोंडपाठ होतं आणि गावाला ते हे विसरू देत नसत. रांगेत रेमेदीनची पाळी आली. पास्कोलचं नाव ऐकताच त्यांनी पेन खाली ठेवलं.

"संत पौल काय म्हणतो, ऐक. न्यायाच्या दिवशी प्रत्येकाचं काम आगीत पारखलं जाईल. सोनं टिकेल, गवत जळेल. तुझ्या नवऱ्याचं सगळं गवतच होतं. स्वर्गाआधी आत्मे आगीत शुद्ध होतात, त्या शुद्धिस्थानात त्याचं उरणार काय? मग प्रार्थना कुणासाठी?"

रांगेतली माणसं खाली बघू लागली.

रेमेदीन हळूच म्हणाली, "मास्तर, पुढची ओळ सांगा ना."

मास्तरांना ती पाठच होती. "ज्याचं काम जळेल त्याचं नुकसान होईल, पण तो स्वतः..." त्यांचा आवाज खाली आला. "तो स्वतः आगीतून का होईना, वाचेल."

"मग जळू दे की गवत! त्याची कामं मी कुठे परत मागतेय? मला तो हवाय, मास्तर. नुसता तो."

मास्तरांनी पेन उचलून नाव लिहिलं.

संध्याकाळी चर्चमधल्या मिस्साच्या प्रार्थनेत फादरांनी यादीतून, हाक मारावी तसं, "पास्कोल" असं वाचलं, तेव्हा रेमेदीनने चटकन दाराकडे पाहिलं.