म्हाळसेचा राहिलेला सा

मंडळी, चपला इथंच काढा आणि कातळातल्या या चिरेला कान लावा. गार वारा लागेल, दचकू नका. आत कपारजाईची घळ आहे, पण तिला दार नाही. दरडीनं बुजवलं ते कायमचं. या चिरेपुढं आम्ही देवीची भूपाळी गात नाही, नुसती अक्षरं बोलतो, एकेक करून. का, ते ऐका. शहरातले गाणारे बुवा निराळं सांगतील, सांगू देत बापडे.

फार पूर्वी म्हणे सुरांना अक्षरं नव्हती. षड्ज, ऋषभ, गांधार अशी भारदस्त नावं, वडीलधाऱ्यांसारखी पूर्णच घ्यायची. देवीला पहाटे जागवायचा मान गुरवांच्या म्हाळसेचा. भूपाळी तिला तिच्या आईकडून आलेली, गावात दुसऱ्या कुणाला येत नव्हती. तिची एकुलती लेक येसू. गळा गोड, पण अंगचोर. आई शिकवायला बसली की हिला नेमकं पाणी भरायचं आठवायचं. "उद्या शिकते गं," हे तिचं ठरलेलं.

एका श्रावणात म्हाळसा दिवा लावायला आत गेली आणि वर डोंगर हलला. दरड आली ती थेट दारावर. अख्खं गाव पहारी घेऊन धावलं, पण एक धोंडा काढावा तर वरून दोन यायचे. उरली फक्त ही चीर, बोट जाईल न जाईल एवढी. येसूनं तिला तोंड लावून हाका मारल्या. आतून ओ आली. आई जिवंत होती.

म्हाळसेला तिथंही एकच घोर, उद्या देवीला जागवणार कोण? ती आतून भूपाळी गाऊ लागली. पण घळीत आवाज घुमायचा, एक सूर विरायच्या आत दुसरा त्याच्यावर चढायचा, आणि बाहेर यायचा नुसता गलका. मग तिनं सुरांची नावं बोलायला घेतली. तीही लांबलचक, एकमेकांत मिसळून जायची. शिवाय आत हवा कमी, दम पुरेना. तेव्हा म्हाळसेनं प्रत्येक नावाचं सुरुवातीचं अक्षर तेवढं ठेवलं. षड्जाचा सा झाला, ऋषभाचा रे. धाप लागलेल्या माणसाची जीभ, चालायचंच. एक अक्षर बोलायची, घुमणं थांबेतो गप्प राहायची, मग पुढचं. बाहेर येसू रडत रडत एकेक अक्षर गळ्यावर घेत होती. एवढ्या वर्षांचं शिकायचं राहिलेलं ती त्या दुपारी शिकली.

भूपाळी शेवटच्या ओळीला आली. म, प, ध, नि. आणि आतून पुढचं काही येईना.

"आई, पुढं?" येसूनं विचारलं.

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. "शेवटचा बाहेर आल्यावर सांगते गं. तू थांब."

नि नंतर काय येणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. येसूलाही कळत होतं. पण गावानं थकून पहारी खाली ठेवल्या तरी तिनं तो सूर लावला नाही. लावला असता तर भूपाळी संपली असती, आणि आईला सांगायला काही उरलं नसतं. तिला मागणी आली, ती सासरी गेली नाही. लोक म्हणत, कोंडली आई, पण अडकून पडली लेक. म्हातारी होईतो ती रोज पहाटे इथं यायची आणि आईला नीट ऐकू जावं म्हणून एकेक अक्षर बोलायची, मध्ये थांबत थांबत. तिचं ऐकून ती अक्षरं गावानं उचलली, मग गावोगावच्या गाणाऱ्यांनी. पुढं पेटीच्या पट्ट्यांवरही तीच चढली, असं सांगतात.

आजही आमची भूपाळी 'नि'वर थांबते. मग सगळे चिरेला कान लावून जरा वाट बघतात. एखादं पोर न राहवून 'सा' म्हणायला जातंच. त्याची आई पटकन त्याच्या तोंडावर हात ठेवते.

"थांब," म्हणते, "म्हाळसाआई सांगणार आहे."