हातात धरलेले कप

“म्हणजे सगळा प्रोग्राम मोडून दुसऱ्या भाषेत लिहिणार? तीन वर्षांचं काम?” उपासनी मॅडमनी विचारलं.

“दुसरा इलाज काय?” वल्लभ म्हणाला.

पॉलिटेक्निकचं कॅन्टीन. मॅडम निवृत्त झाल्या होत्या, पण इथला चहा त्यांनी सोडला नव्हता. त्यांच्याच हाताखाली शिकलेला वल्लभ आता मोठा माणूस झाला होता, निदान त्याच्या मते.

त्याचा प्रोग्राम एका हॉस्पिटलात केसपेपर काढायचा. सकाळी वाऱ्यासारखा पळायचा आणि अकरा वाजले की आडवा व्हायचा. खिडकीपुढची पेशंटची रांग फाटकाबाहेर जायची. हॉस्पिटलने सोमवारपर्यंतची मुदत दिली होती.

“मेमरी भरते, मॅडम. दुप्पट करून दिली, तर अकराऐवजी दोनला भरते. या भाषेत मेमरीतलं नको झालेलं आपोआप उचलायला सफाईची सोय असते ना, ती काडीचं काम करत नाही. आणि म्हणे, आपल्याला काही करावं लागत नाही!”

“तू काय करतोस?”

“मी?” वल्लभची मान ताठ झाली. “उघडलेला प्रत्येक केसपेपर मी एका यादीत धरून ठेवतो. पुन्हा लागला, तर चुटकीसरशी हजर.”

“किती जणांचा पुन्हा लागतो?”

“ते... मोजलं नाही.”

चहा संपवून मॅडमनी रिकामा कप त्याच्या हातात दिला.

“धर जरा.”

मग बशी दिली. मग वड्याची प्लेट, मग पाण्याचे दोन पेले. वल्लभने सगळं अदबीने धरलं. मॅडमना नाही कोण म्हणणार?

कॅन्टीनच्या हौसामावशी आल्या. भराभर चार टेबलं साफ केली, यांच्या टेबलावर फडकं मारलं आणि पुढे गेल्या. पुन्हा आल्या, पुन्हा तशाच गेल्या.

एवढ्यात वल्लभच्या खिशातला फोन वाजू लागला. या वेळी हॉस्पिटलशिवाय कोण करणार? पण हात मोकळा होईना.

“मावशी, दिसत नाही का? उचला की हे!”

“तुम्ही धरून बसलाय. मला वाटलं, लागतंय अजून,” मावशी म्हणाल्या आणि सगळं घेऊन गेल्या.

फोन वाजून वाजून थांबला. वल्लभ आपल्या मोकळ्या हातांकडे बघत राहिला...

मग त्याने लॅपटॉप उघडला. केसपेपर यादीत धरून ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या चार ओळी खोडल्या. कालच्या दिवसभराचे केसपेपर पुन्हा प्रोग्राममधून सोडले. मेमरी किती भरली ते दाखवणारी पडद्यावरची रेघ चढली, चढली... आणि पहिल्यांदाच खाली उतरली.

त्याला लाज वाटली, पण आनंद त्याहून जास्त झाला.

“आता, मॅडम?”

“आता आधी त्यांना फोन लाव. मग दोन चहा सांग,” मॅडम म्हणाल्या. “आणि पिऊन झाला, की कप खाली ठेव.”