सात मुंग्यांचं अंतर

आंब्याची झाडं अजून कुणाच्याच मालकीची नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. एका आंब्यावरच्या तांबड्या मुंग्यांचं पानांचं घर वाऱ्याने फाटलं आणि अंडी उघडी पडली. ऊन तिथवर पोचण्याआधी दोन पानं ओढून जोडली नाहीत, तर अंडी करपणार होती.

हे काम केशरी नावाच्या मुंगीवर सोपवलेलं होतं. ती नुकतीच नदीपलीकडच्या झाडावरून पानं जोडायला शिकून आली होती. मुंग्यांनी एकमेकींची कंबर धरून साखळी केली आणि केशरी ओरडत राहिली, "ओढा! जोर लावा!" पान तसूभरही हललं नाही.

"कुठवर ओढायचं, बाई?" साखळीतली भागीमावशी वैतागली. "मला सकाळपासून पुढचीची पाठच दिसतेय. परक्या झाडावर नुसतं ओरडायला शिकवतात वाटतं!"

मग केशरीने सगळ्यांना भराभर वरच्या डहाळीवर नेलं.

"बघा, दोन पानांमध्ये फक्त सात मुंग्यांचं अंतर आहे. आता डोळे मिटा. पानं जुळलीत, आत सावली आहे. मावशी, अंडी कुठे ठेवाल?"

"देठाशी," मावशी हळूच म्हणाली. "तिथे वारा लागत नाही."

साखळी पुन्हा जुळली. या वेळी केशरी सगळ्यांत मागे उभी राहिली. ऊन सरकत आलं, तसा तिचा धीर सुटू लागला. "किती राहिलं गं?"

"दोन!" पुढून मावशी ओरडली. "तू ओढ!"

केशरीने पाय रोवले. पान पानाला टेकलं, तेव्हा ऊन अंड्यांपासून बोटभर लांब होतं.