वलणीवरचं कुणाचंच नाही

ऐका लेकरांनो, आणि लेकरांच्या आयांनो, तुम्हीही कान इकडे करा. फार फार वर्षांमागं, डोंगर कोवळे होते तेव्हाची ही गोष्ट. घाटमाथ्यावर एक इवलं गाव होतं. गावात एक सासू होती. तिला तीन मुलगे, तिघांच्या तीन बायका आणि शेंडेफळ म्हणून एक लेक, ठकू. सुनांना आईबापांनी नावं ठेवलेली होती, पण थोरली, मधली, धाकटी एवढ्यावर घरात भागत होतं. आपणही तेवढ्यावरच भागवू.

गाव उंच. इतकं उंच, की ढग न विचारता दारातून आत यायचे आणि पाटावर बसायचे. पावसाळ्यात धुणं वाळायचं नाव नको. म्हणून घरोघरी चुलीच्या वर, आढ्याखाली एक लांब दोरी बांधलेली असे. तिला म्हणत वलणी. ओलं लुगडं वलणीवर टाकायचं, खालून चुलीची ऊब लागायची, की झालं कोरडं. पण ऊब लागायची तसा धूरही लागायचा. त्यामुळं सगळं गाव एकाच रंगाचं, धुरकट. जणू माणसं नव्हेत, भिजलेली कबुतरं.

एक आपल्या सासूचं घर तेवढं वेगळं.

तिन्ही मुलगे बैलांच्या पाठीवर हिरडा लादून घाट उतरायचे आणि मीठ घेऊन वर यायचे. सुना बाजाराच्या दिवशी जांभळाखाली चूल मांडायच्या आणि वाटसरूंना गरम भाकरी-पिठलं द्यायच्या. पैसा बेताचा. प्रत्येक सून माहेराहून दोन लुगडी घेऊन आलेली, एक रोजचं, एक ठेवणीतलं. त्याहून जास्त काही नाही, आणि सासू-ठकूकडं तर अंगावरचं तेवढंच. पण बाजारात बघावं तर दर खेपेला तिघींचा थाट नवा. आज थोरली निळ्या लुगड्यावर हळदी चोळी घालून उभी, तर पुढच्या बाजाराला तीच हळदी चोळी पोपटी लुगडं नेसलेल्या मधलीच्या अंगात. चोळीची बाही फाटली तर दुसऱ्या चोळीच्या तुकड्याची लाल बाही लागायची. आणि अशी ऐटीत लागायची, की बघणारीला वाटावं आपल्याच दोन्ही बाह्या एका रंगाच्या कशा राहिल्या? ठिणगीनं भोक पडलं तर त्यावर ठिगळाचं फूल. केसात रानातला तेरडा. झालं, राणीसुद्धा वळून बघेल.

लोक म्हणायचे, "ह्यांच्या घरी लुगड्यांनी भरलेला पेटारा आहे."

पेटारा कुठला! घरात होता एक नियम. थोरली नवी नवरी होऊन आली, त्या दिवशी सासूनं वलणीकडं बोट दाखवून तो सांगितला होता. "सूनबाई, वलणीवरचं कुणाचंच नाही. अंगावरचं तेवढं आपलं." जी भिजून येईल तिनं ओलं टाकावं, कोरडं नेसावं. कुणी कुणाला विचारायचं नाही.

आता त्या मुलखातली एक रीत तुम्हाला सांगायला हवी. सोयरीक जुळवायची तर मुलाकडची माणसं मुलीला बघत नसत. मुलगी काय, पाटावर बसवली की सगळ्याच खाली मान घालतात. ती माणसं बघायची वलणी. घराची कळा वलणीवर दिसते म्हणत. उसवलेलं तसंच टांगलंय का, लेकीचं नवं आणि सुनेचं फाटकं आहे का, सगळं तिथं वाचता येतं. अक्षर न येणाऱ्या बायांनासुद्धा.

आणि ठकूसाठी खालच्या पेठेतल्या एका भल्या घरात बोलणं लागलं होतं. मुलगा कष्टाळू, हसरा. ठकूनं त्याला जत्रेत लांबून पाहिलेलं, आणि तेव्हापासून ती भाकऱ्या करपवू लागली होती. निरोप आला होता, "पाऊस सरला की मोठीआई येतील." मोठीआई म्हणजे मुलाची आजी. त्यांनी सात घरच्या वलण्या बघून सात सोयरिकी परतवल्या होत्या.

तर सगळं असं छान चाललेलं. छान चाललं की कुणाच्या तरी पोटात दुखतंच.

गावातल्या कापडवाल्याची बायको, तिला सगळे शेठाणी म्हणत. तिच्याकडं खरोखरचा पेटारा होता, पितळी कुलपाचा. आत लुगडी अशी कोंबलेली, की झाकणावर बसल्याशिवाय ते लागायचं नाही. पण शेठाणी त्यातलं एकही बाहेर काढायची नाही. धूर लागेल, ठिणगी उडेल, दृष्ट लागेल. आणि बाजारात लोक बघायचे ते या तिघींकडं. एकदा तिनं धाकटीला पाणवठ्यावर गाठलं.

"काय गं, मधली आज डाळिंबी लुगड्यात काय खुलली होती! तिचंच ना ते?"

"नाही, माझं. माझ्या आईनं दिलेलं."

"अगंबाई! तुझ्या आईनं दिलं आणि मिरवते ती? चांगली आहेस बाई भोळी."

एवढंच बोलून शेठाणी घागर उचलून गेली. पण कुसळ कसं, लुगड्यात एकदा शिरलं की चालताना टोचतंच. धाकटीच्या आईनं ते डाळिंबी लुगडं आपल्या अंगावरचं उतरवून लेकीला दिलं होतं. धाकटी घरी आली ती फणकारतच.

"मधल्या जाऊबाई, ते डाळिंबी माझं आहे."

"मग? मी काय खाल्लं का ते?"

"नेसलात ना!"

"नेसायचीच वस्तू ती. डोक्यावर घेऊन नाचू?"

थोरली मध्ये पडली. "अगं, परवा तू माझं पोपटी नेसलीस, तेव्हा मी बोलले का काही?"

"घ्या तुमचं पोपटी! आणि द्या माझं डाळिंबी!"

बोलता बोलता वलणी ओढाताणीत रिकामी झाली. धाकटीनं आपलं ठेवणीतलं गाठोड्यात बांधलं आणि करकचून गाठ मारली. ते बघून मधलीनं मारली. दोघींनी मारली म्हटल्यावर थोरलीनंही मारली. तीन कोपऱ्यांत तीन गाठोडी. सासू चुलीपाशी बसून बघत होती. "बांधा गं बांधा," ती म्हणाली. "गाठ मारायला अक्कल लागत नाही, सोडायला लागते." एवढं बोलून तिनं ओला फडका घेतला आणि रिकाम्या वलणीची काजळी पुसली.

मग लागला पाऊस. डोंगरातला पाऊस तो, पाहुण्यासारखा येत नाही, जावयासारखा येऊन राहतो. थोरली पाण्याला गेली, चिंब होऊन आली. आधी वलणीवरचं कोरडं ओढलं असतं. आता तिचं एकच रोजचं, ते ओलं, आणि दुसरं गाठोड्यात. "ते ठकूच्या लग्नात नेसायचं," असं म्हणून ती ओल्यानंच राबली. मधलीचंही तेच. धाकटीचंही तेच. तिघी शिंकू लागल्या. बाजारात एक मीठवाला म्हणाला, "बायांनो, तिखट पुरे आहे, पिठल्यात आणखी शिंकू नका." पुढच्या बाजाराला तो समोरच्या चुलीवर जेवायला बसला. त्याच्यामागं बाकीचेही गेले. जांभळाखालची चूल विझत चालली. आणि तिघी आता गावासारख्याच धुरकट दिसू लागल्या. शेठाणीला शांत झोप लागू लागली.

पाऊस सरला. एका सकाळी निरोप्या आला. "उद्या दुपारी मोठीआई येताहेत."

ठकूच्या हातातलं लाटणं तिथंच राहिलं. तिघी धावल्या आपापल्या कोपऱ्याकडं. आता ठेवणीतली काढू, वलणी भरून टाकू! गाठी सुटेनात. ओलीनं आवळल्या होत्या, दातांनी सोडाव्या लागल्या. आणि गाठोडी उघडली तर आतून वास आला, तळघरातल्या कुजक्या पाल्यासारखा.

थोरलीच्या पोपटी लुगड्यावर बुरशीचे पांढरे ढग. मधलीच्या निळ्याचा पदर कसरीनं खाल्लेला, चाळण झालेली. आणि धाकटीचं डाळिंबी अर्ध्यातून असं कुजलेलं, की बोट लावताच सुटलं. रोजची तीन तर पावसानं आधीच पिंडऱ्यांशी विरलेली.

रिकाम्या वलणीकडं बघून ठकूनं पदर तोंडात घेतला.

धाकटी खाली बसली. आईचं लुगडं मांडीवर घेतलं, उलटंपालटं केलं. अर्धं गेलं होतं, पण अर्धं अजून धडधाकट होतं, रंग तसाच टवटवीत. तिनं डोळे पुसले आणि हात पुढं केला.

"थोरल्या जाऊबाई, कात्री द्या."

"अगं, आईचं लुगडं ते!"

"आईनं मला नेसायला दिलं होतं. कुजवायला नव्हतं दिलं. ह्याच्या धड अर्ध्याला निळ्याचं धड अर्धं जोडा. दंड घाला."

दंड घालणं म्हणजे दोन लुगड्यांचे चांगले भाग मधोमध शिवून एक करणं. गरिबाघरी लपूनछपून घालतात, नेसताना शिवण निऱ्यांत दडवतात. थोरलीनं डाळिंबी आणि निळं शेजारी धरलं आणि तिचे डोळे चमकले. "ही शिवण दडवायची नाही गं," ती म्हणाली. "हिच्यावर हळदी दोऱ्यानं फुलं काढू."

मग काय विचारता! ठकू सुईत दोरा ओवतेय, मधली कापतेय, थोरली शिवतेय, सासू हातानं शिवण दाबून बघतेय. जिचं लुगडं कात्रीखाली जाई ती घोंगडं गुंडाळून बसे, आणि बाकीच्या तिला हसत. शेवटी सहा लुगड्यांची झाली तीन. प्रत्येक दुरंगी, प्रत्येकाच्या मधोमध फुलांची वाट.

तिघी खूश झाल्या, आणि तेवढ्यात मधलीनं कपाळावर हात मारला. "अगं पण लुगडी तीन, आणि आपणही तीन! नेसलो तर वलणी रिकामी. वलणीवर टाकली तर मोठीआईंसमोर जायचं कसं?"

धाकटी म्हणाली, "पहिली गाठ मी मारली होती. माझं टाका वलणीवर. मी घोंगडं घेऊन चुलीमागं बसते."

दुसऱ्या दिवशी मोठीआई आल्या. काठी टेकत, पण नजर घारीची. मागोमाग शेठाणीही आली, "सहज चाललेच होते इकडून," म्हणत. मोठीआईंनी ठकूकडं बघितलं नाही, गूळपाण्याला हात लावला नाही. सरळ वलणीखाली जाऊन उभ्या राहिल्या.

वलणीवर एकच लुगडं. अर्धं डाळिंबी, अर्धं निळं.

"एकच?" शेठाणी कुजबुजली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "आणि तेही दंडाचं!"

मोठीआईंनी लुगडं खाली ओढलं, शिवणीवरून अंगठा फिरवला. "हे कुणाचं?"

थोरली म्हणाली, "वलणीवरचं कुणाचंच नाही, मोठीआई. आमच्यात अंगावरचं तेवढं आपलं."

मोठीआईंनी थोरलीकडं बघितलं, मधलीकडं बघितलं. "सुना तीन ना? तिसरी कुठं आहे?"

चुलीमागून आवाज आला, "आहे इथंच."

"मग पुढं ये की."

"येता येत नाही. माझं तुमच्या हातात आहे."

मोठीआई वाकून चुलीमागं डोकावल्या. घोंगड्यातून दोन डोळे आणि एक लाल नाक दिसलं. "आणि तुझ्या अंगावर आहे ते तरी तुझं ना?"

"घोंगडं? ते भावजींचं आहे." मग धाकटीला राहवेना. "मोठीआई, खोटं कशाला बोलू. आधी आमची वलणी भरलेली होती. मी भांडले, गाठोडं बांधलं, माझं बघून ह्यांनी बांधलं. सगळं कुजलं. उरलं ते काल एकत्र शिवलं. आमच्या वन्संचं ह्यात काही चुकलं नाही. नावं ठेवायची तर मला ठेवा."

मोठीआई लुगड्याकडं बघत राहिल्या. आणि एकदम हसल्या, बोळक्या तोंडानं, खळखळून.

"सात घरच्या वलण्या बघितल्या मी. नव्या लुगड्यांनी वाकलेल्या. विचारलं, कुणाचं, की लगेच हे माझं, ते तिचं, ते नेसायचं नाही, नुसतं दाखवायला टांगलंय! पोरी, न भांडणारं घर मी अजून बघितलं नाही. पण उसवलेलं एका दोऱ्यानं शिवणारं घर आज बघितलं. घे हे, नेस आणि बाहेर ये. ठकूचं तोंड गोड करायचं तर तिची धाकटी वहिनी घोंगड्यात नको."

झाली सोयरीक. ठकूच्या लग्नात मोठीआईंनी हट्टानं तिच्यासाठी दुरंगी लुगडं शिवून घेतलं, मधोमध हळदी फुलांची वाट. खालच्या पेठेतल्या बायांनी ते बघितलं, आणि जुनी लुगडी काखेत मारून घाट चढू लागल्या. "आम्हालाही असं दंड घालून द्या." चुलीवर पिठलं रटरटतंय, जांभळाखाली सुया चालताहेत, मीठवाला परत येऊन पहिल्या पंगतीला बसलाय! मुलगे घरी आले तर त्यांना आपलं घर ओळखू येईना, इतक्या रंगांची रांग दारात. वर्ष फिरायच्या आत गावातलं धुरकटपण गेलं.

शेवटी एक दिवस शेठाणीही आली, पाठीमागं दोन गडी आणि त्यांच्या डोक्यावर पितळी कुलपाचा पेटारा. झाकण उघडलं तसा तो ओळखीचा वास आला. शेठाणी मान खाली घालून म्हणाली, "ह्यातलं धड निघेल तेवढं जोडशील का गं?"

धाकटीनं तिला पाट दिला. "बसा काकू. आधी वलणीवर टाकू, वारा लागू दे."

त्या घराला मग कशाची ददात पडली नाही. ठकूच्या मांडीवर बाळ खेळलं, त्याची कुंची चौघींच्या लुगड्यांच्या तुकड्यांची झाली, आणि सासूनं ती आधी वलणीवर टाकूनच मग त्याला घातली. हातभर दोऱ्याची ही कहाणी अशी नऊवारी सुखाला पोचली.

बोध एवढाच: कोंडून ठेवलेलं कुजतं, वाटून नेसलेलं खुलतं.